कोरडा दाणा

सोलापूर, ता. २ डिसेंबर १९२८

चि. ईरप्पा यास अक्काकडून,

चार वर्षांनी पत्र लिहिते आहे, ते काम निघालं म्हणून. मायेचा आव आणत नाही. तुला तो ओळखू आला असता, आणि मलाही नीट जमला नसता.

दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले तेव्हा तू आलास, मातीला हात लावलास आणि संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परत गेलास. त्या दिवशी मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे काही अर्धवट राहायला नको. तू इथल्या कंपनीच्या कचेरीत भुईमुगाचा दाणा तपासायला होतास आणि अप्पा रामहरीशेटच्या वखारीत मापाडी होते. अप्पांनी माल कोरडा म्हणून चिठ्ठीवर सही केली. तू तोच माल ओला म्हणून लिहिलंस. शेटनं अप्पांना काढलं आणि कंपनीनं तुला मुंबईला बढती दिली. अप्पा म्हणाले, पोरानं साहेबाला खूश करायला खोटं लिहिलं. मी अप्पांचं खरं मानलं. अजून मानते.

आता कामाचं. अप्पांना काढल्याची शेटला लाज वाटली असावी, कारण वर्षभरानं त्यानं मला बोलावून शेंगा फोडणाऱ्या बायकांवर मुकादमीण नेमलं. विधवा बाई, लिहिता-वाचता येतं, तोंडानं फटकळ; त्याला असंच कोणी हवं होतं. माझ्या हाताखाली चाळीस बायका आहेत. गेल्या महिन्यात तुमच्या कंपनीचं पत्र आलं. शेटनं ते मला वाचायला दिलं, कारण त्याचा चष्मा नेमका अशाच वेळी सापडत नाही. पत्रात म्हटलं आहे की सोलापूरचा हातानं फोडलेला दाणा ओला निघतो, बोटीत खवट होतो, आणि फ्रान्सातले तेलवाले सोलापूरचं नाव ऐकलं की भाव पाडतात. म्हणून उन्हाळ्यापासून हाताचा माल बंद, आणि स्टेशनाजवळ यंत्र बसणार.

मी शेटला म्हटलं, साहेबाला लिहा की एकदा शंभर पोती कोरडी फोडून देतो, तपासा, मग काय ते ठरवा. यंत्रानं दाणा फुटतो, हातानं फुटत नाही, हे साहेबालाही माहीत असणार. साहेब कबूल झाला. माल मुंबईच्या गोदीवरच्या गोदामात उतरेल आणि तपासायला तू असशील, असं इथल्या कारकुनानं सांगितलं.

तुझ्याकडे काही मेहेरबानी मागत नाही. जे दिसेल ते लिही, एवढंच. एकदा तरी खरं लिहून बघ.

गिरिजाअक्का


सोलापूर, ता. १६ डिसेंबर १९२८

चि. ईरप्पा,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी दोन ओळी, आणि त्यातली एक पत्त्याची. तरी त्या एका ओळीत नियम कळवलास ते बरं केलंस. शंभरात पाच पोती खराब निघाली तर चालेल, सहावं निघालं तर सगळा माल खराब. मी तो बायकांना सांगितला. गोजाबाईनं विचारलं, "आन् यंत्राला बी ह्योच नेम हाय का?" मी म्हटलं, यंत्राला नियम कोण लावणार. ती म्हणाली, "मग बरं हाय की यंत्राचं."

गोजाबाई तुला आठवत असेल. उंच, काळी, दातवण लावून लावून दात काळे झालेली. अप्पांच्या वेळेपासून ती वखारीत आहे. आता साठीला आली असावी. विचारलं की दर वर्षी पन्नासच सांगते.

कोरडं फोडणं म्हणजे काय, ते तुला नळीनं पोत्यातून दाणा काढताना कळत नाही. म्हणून सांगते. शेंगेला संध्याकाळी पाणी मारून वर गोणपाट टाकलं की सकाळी टरफल मऊ पडतं, अंगठ्यानं नुसतं दाबलं की उघडतं. शेटलाही ते आवडतं, दाणा पाणी पितो आणि वजन देतो. कोरड्या शेंगेला मात्र अंगठ्याचं नख घालावं लागतं. दिवसभरात हजारो वेळा. तिसऱ्या दिवशी नखाखालचं मांस उघडं पडलं. आता सगळ्यांनी चिंध्या बांधल्या आहेत, आणि त्या चिंध्यांवर हळद. वखारीत शिरलं की कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटतं.

काम निम्म्यावर आलं आहे, म्हणजे वेग निम्म्यावर. बायकांना मापावर मजुरी, त्यामुळे तीही निम्मी. त्या कुरकुरतात आणि तरी येतात. मी कोणाला खोटी आशा दाखवलेली नाही. पास झालो तर काम राहील, नाही तर जाईल, एवढंच सांगितलं.

काल गोजाबाईनं आणखी एक विचारलं. ज्या माणसाला आपला दाणा खवट लागतो तो कोण? मी सांगितलं, फ्रान्सात मार्सेल्स म्हणून बंदर आहे, तिथं दाण्याचं तेल काढतात आणि त्या तेलाचा साबण करतात. तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "साबनच करायचाय, तर वास कशापायी घेतो मुडदा?" सगळ्या हसल्या. शेटच्या घरी तिकडचाच साबण येतो, निळ्या कागदातला. एका वडीला आमच्या बाईची तीन दिवसांची मजुरी जाते. हे मी त्यांना सांगितलं नाही. हसत होत्या, हसू दिलं.

गिरिजा


सोलापूर, ता. ३० डिसेंबर १९२८

चि. ईरप्पा,

पासष्ट पोती झाली. ही पासष्ट पोती मी स्वतः शिवून एका बाजूला रचली आहेत आणि त्यांच्यावर माझाच पहारा आहे. शेटला मी त्या बाजूला फिरकू देत नाही. परवा तो हातात तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "गिरिजाबाई, अगदी हलका हात मारू या का? धूळ बसंल." मी म्हटलं, धूळ बसू द्या. तो गेला. वखार त्याची, माल त्याचा, आणि तांब्या घेऊन चोरासारखा माघारी फिरला. मला त्याची जरा दयाच आली.

बजाबाईचं मात्र वेगळं झालं. सगळ्यांत तरणी हीच, हात चपळ. तीन दिवस तिचं माप सगळ्यांच्या पुढं जात होतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तर तिच्या मांडीखाली ओलं फडकं. शेंगा मूठभर त्या फडक्यात दाबायची, मग फोडायची. मी तिचं दिवसभराचं माप ओतून वेगळं केलं. ती रडली नाही. उलट म्हणाली, "बाई, तुमी मुकादम हाय, तुमचा आंगठा कुटं हाय? दावा की." मी तिला दाखवला. पहिल्या दिवसापासून मीही रोज एक माप फोडते, हे तिला माहीत नव्हतं. तेव्हा ती उठली आणि ओलं फडकं बाहेर टाकून आली.

हे मी फुशारकीनं लिहीत नाही. अंगठा मलाही दुखतो आणि रात्री कूस बदलताना पांघरुणाला लागला की शिवी येते. पण गेल्या पंधरवड्यात वखारीतलं वातावरण बदललं आहे, ते तुला सांगायचं होतं. पूर्वी दाणा शेटचा होता. आता त्या "आपला दाणा" म्हणतात. कोणी मूठ भरून खाल्ला तर दुसरी हात धरते. मला हे चांगलं वाटतं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. तीन ओळी! मुंबईत थंडी नाही हे कळलं. इथं आहे.

गिरिजा


सोलापूर, ता. १३ जानेवारी १९२९

चि. ईरप्पा,

शंभर पोती परवा रवाना झाली. मालगाडीच्या वाघिणीत ती चढेपर्यंत मी उभी होते. हमालांनी पोतं ओढायला आकडा काढला तेव्हा मी त्यांना तो ठेवायला लावला आणि खांद्यावर घ्यायला लावलं. ते मला काय म्हणाले ते लिहीत नाही.

काम वेळेत झालं, पण जेमतेम. माल जायच्या आदल्या दिवशी अमावास्या होती, तिला बायका गावाकडं जाऊ शकल्या नाहीत. वेळ अमावास्येला जायचं नाही म्हणजे काय, ते तुला मुंबईत बसून आठवत असेल तर पाहा. यांच्यातल्या कोणाचंच शेत नाही. पण दर वर्षी भावाच्या, मेव्हण्याच्या, ज्याच्या त्याच्या शेतात जाऊन बसायच्या. यंदा शेवटची रास राहिली होती. मग त्यांनी सण वखारीतच केला. कडब्याची खोप, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून ठेवले, भज्जी, उंडे, ताकातली आंबट आंबील सगळं आणलं. शेटनंही पान वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी रास पोत्यांत भरली आणि माल गेला.

आज सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, जत्रेची गर्दी आहे. नंदीध्वज पाहायला मी गेले नाही, पाय दुखतात.

माल पोचला की कळव. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

गिरिजा


सोलापूर, ता. २९ जानेवारी १९२९

चि. ईरप्पा,

तुझं पत्र काल आलं. चार पानी पत्र तुझ्या हातून येईल असं मला वाटलं नव्हतं.

एकोणनव्वद पोती अशी कोरडी, की असा हाताचा दाणा सोलापूरहून आलेला तू कधी पाहिला नव्हतास, असं लिहिलंस. ते मी तीनदा वाचलं. अकरा पोत्यांत बुरा आला आणि आंबट वास, हे एकदाच वाचलं. तो वास कशाचा आहे ते तुला पोतं उघडताच कळलं, असं लिहिलंस. कळणारच. लहानपणी आंबिलीचं मडकं पालथं घालून चाटणारा तूच.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. सण झाला तेव्हा शेवटची रास वखारीच्या मधोमध होती. शेतात काय करतात ते तुला माहीत आहे: पेंढीची काडी आंबिलीत बुडवून चारी दिशांना पिकावर शिंपडायची, ओलगे ओलगे म्हणत. गोजाबाईनं मडकं उचललं आणि राशीकडं वळली. म्हणाली, "आमचं पीक ह्येच की यंदा." मी मधे पडले असते तर थांबली असती. मी पडले नाही. उलट शेताच्या मालकानं पहिल्यांदा शिंपडायचं असतं म्हणून तिनं काडी माझ्या हातात दिली आणि पहिला शिडकावा मी केला. मग चाळीस जणींनी केला. प्रत्येकीनं चार थेंब म्हणजे काहीच नाही, असं मला तेव्हा वाटलं. दोन मडकी रिकामी झाली हे नंतर पाहिलं. हात ओला करून मी तेव्हा खूश होते, ईरप्पा. महिनाभर पाण्याचा थेंब राशीजवळ येऊ दिला नाही आणि मग आंबील मारली. पाणी म्हणजे लबाडी, आंबील म्हणजे देवाचं; दोन्हींनी दाणा सारखाच ओला होतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या पानावर तू विचारलंस ते आता. अहवाल तू आठ दिवस अडकवून ठेवला आहेस. मी म्हटलं तर ती अकरा पोती बाजूला काढून दुसऱ्या मालातली अकरा चांगली त्या जागी ठेवशील आणि शंभर पोती कोरडी म्हणून लिहिशील. गोदामात कोणी मोजून पाहत नाही, कळायचं नाही. "अक्का, तू सांगशील तसं." हे तू लिहिलंस. कंपनीच्या पगारावर असलेल्या माणसानं असं लिहायला काय लागतं ते मला कळतं.

मी लगेच उत्तर लिहायला बसले होते. "कोरडी लिही" एवढं लिहून झालंही होतं. मग एक विचारायचं राहिलं आहे असं वाटलं आणि मी गोजाबाईकडं गेले.

ता. ३०

गोजाबाईला मी तुझ्या पत्रातलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की चार वर्षांपूर्वी अप्पांनी ज्याच्यावर सही केली तो माल कसा होता. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "वला हुता की."

मी म्हटलं, अप्पांना फसवलं कोणी?

"फसवतंय कोन? त्यास्नी ठावं हुतं. आमीच पानी मारलं, त्येंच्यासमोर. म्हनले, पोरींनो, बोटं बगा तुमची, मारा पानी, मी सही करतो. लई द्येवमानूस."

मग तू आम्हाला हे कधी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "घरात त्येंनी काय सांगितलं ते आमाला काय म्हाईत? आन् कळलं तवा म्हनलं, गेल्या मानसाचं कशाला उकरायचं. तुमचा भाऊ मुंबईला सुखात हाय की."

घरी येऊन मी चूल पेटवली नाही. अप्पा वाईट नव्हते हे मला आजही म्हणायचं आहे. बायकांची बोटं पाहून त्यांनी खोटी सही केली, यात मला त्यांचा राग येत नाही. मीही आता तेच करायला निघाले होते. राग याचा येतो की त्यांनी घरी येऊन तुझ्यावर ढकललं. दोन वर्षं तुझं नाव निघालं की भिंतीकडं तोंड करायचे, आणि मी त्यांचे पाय चेपत तुला शिव्या द्यायचे. तू काहीच बोलला नाहीस. मातीला आलास तेव्हा सांगू शकला असतास. का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. त्या दिवशी मी ऐकलंच नसतं.

तू खरं लिहिलं होतंस. मी चुकले. हे मी फार उशिरा आणि फार थोडक्यात लिहिते आहे, पण मला अशा गोष्टी लांबवता येत नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जे आहे ते लिही. एकोणनव्वद कोरडी, अकरा बुरसलेली. नियम मला ठाऊक आहे. सहावं पोतं निघालं तेव्हाच संपलं, आणि इथं अकरा आहेत. यंत्र येईल. चाळीस जणींचं काम जाईल, हेही मला माहीत आहे, तू समजावून सांगायची गरज नाही.

हे मी न्यायासाठी करते आहे असं समजू नकोस. मला न्यायाचं एवढं काही नाही. पोती बदललीस आणि कधी कळलं तर तुझी नोकरी जाईल, हेही खरं कारण नाही, जरी लिहायला सोयीचं आहे. खरं म्हणजे तुला चार वर्षं खोटारडा म्हटलं. ते परत घ्यायची दुसरी रीत मला येत नाही. ती रीत चाळीस जणींना महागात पडणार आहे आणि मी ती त्यांना न विचारता वापरते आहे. विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला माहीत आहे. म्हणून विचारलं नाही.

उद्याच्या टपालानं हे जाईल. मन बदलण्याआधी टाकते.

अक्का


सोलापूर, ता. २१ एप्रिल १९२९

चि. ईरप्पा,

तुझी तीनही पत्रं मिळाली, उत्तर दिलं नाही. तब्येत बरी आहे, म्हणून आजारपणाचं निमित्तही नव्हतं.

यंत्र गेल्या आठवड्यात आलं, मद्रासकडून. स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं आहे. वरून शेंगा ओतल्या की खाली एका बाजूला टरफल आणि एका बाजूला दाणा. दाणा बराच फुटतो, पण फुटलेला कोरडाच असतो, आणि तो चाळून इथल्याच घाण्यांना विकायचा असं ठरलं आहे. शंभर पोती व्हायला आम्हाला महिना लागला. यंत्राला दोन दिवस लागतील असं कंपनीचा मिस्त्री म्हणतो. पहिल्या दिवशी ते पाहायला अर्धं सोलापूर जमलं. मीही गेले. आवाज एवढा होता की कोणाला काही बोलताच आलं नाही, ते बरं झालं.

शेंगा वर ओतायला आणि दाणा चाळायला पाच बायका लागतात. पाच निवडायला शेटनं मलाच सांगितलं. मी तरण्या निवडल्या, कारण मिस्त्रीनं तशाच मागितल्या. बजाबाई त्यात आहे. काही जणी विडीच्या कारखान्यात गेल्या, काहींना गिरणीत नवऱ्याच्या ओळखीनं बदलीचं काम मिळालं, काही गावी गेल्या. गोजाबाई कुठंच गेली नाही. सकाळी वखारीच्या ओट्यावर येऊन बसते, दुपारी घरी जाते. शेट तिला हाकलत नाही, पण काम नाही म्हणून रोज सांगतो.

कचेरीतला कारकून परवा वखारीत आला होता, त्यानं बायकांसमोरच सांगितलं की मुंबईहून अकरा पोत्यांना आंबट वास असं लिहून तपासणीचा कागद आला तो तुझ्या सहीचा. गोजाबाईला आजवर तुझं नाव माहीत होतं, पण या मालाशी त्याचा संबंध आहे हे माहीत नव्हतं. काल संध्याकाळी ती माझ्या मागे मागे घरापर्यंत आली. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमच्या भावानं आंबिलीचा वास वळकला नसंल व्हय? घरातलाच की तो. वळकून बी लिवलं? जरा नजरंआड केलं असतं तर त्येचं काय जात हुतं?"

तू नजरेआड करायला तयार होतास. मला विचारलंस. मी नको म्हटलं. हे एवढंच सांगायचं होतं, चार शब्द. जिभेवर आले होते. तिच्या अंगठ्याला अजून चिंधी आहे, नख परत आलंच नाही.

मी म्हटलं, "व्हय. त्यानंच लिवलं."

ती म्हणाली, "तुमच्या अप्पास्नी बी त्यानंच खाल्लं," आणि गेली.

आज सकाळपासून ते सगळ्या गल्लीत झालं आहे. उद्या तिला खरं सांगेन असं आज दोनदा ठरवलं. उद्याही ठरवीन. मला माझी ओळख पटली आहे, त्यामुळे तुला वचन देत नाही.

मे महिन्यात सुटी मिळेल म्हणतोस. ये. तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे आणि मी बोलणार आहे, पुष्कळ बोलणार आहे. फक्त स्टेशनावरून येताना वखारीच्या गल्लीतून येऊ नकोस. तळ्याकडून वळसा घालून ये.

अक्का